पाणवठा एक झाला, मसणवटा अजून दोन

रानवारा | ६ जुलै, रात्री १०:४०

गेल्या आठवड्यात गावी मातीला गेलो होतो. नीरेच्या खोऱ्यातलं गाव, अडीच हजारांच्या आसपास वस्ती. वर्गमित्राचे वडील गेले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि गावातलं वाचनालय बंद पडू नये म्हणून स्वतःच्या पेन्शनमधून दोन वर्तमानपत्रं लावणारे. ते बौद्ध, मी मराठा. हे आधीच लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पाऊस दोन दिवस लागून होता. आमच्या गावची स्मशानभूमी डांबरी रस्त्याला लागूनच आहे. पत्र्याचं शेड, सिमेंटचा ओटा, त्यावर लोखंडी जाळी, हातपाय धुवायला नळ, म्हाताऱ्यांना टेकायला दोन बाकडी. तिरडी त्या शेडसमोरून पुढे निघून गेली. मी मागे होतो, मला वाटलं पुढचे वाट चुकले. कुणी चुकलं नव्हतं. रस्ता सोडून सगळे शेतातल्या पाऊलवाटेने ओढ्याकडे उतरले. ओढ्याला मांडीच्या वर पाणी होतं. या काठावर दोघांनी आणि त्या काठावर दोघांनी कासरा ताणून धरला. चौघांनी तिरडी खांद्यावरून उचलून डोक्याइतकी उंच धरली आणि तशीच पाण्यातून नेली. मधोमध एकाचा पाय शेवाळावरून सरकला, तिरडी डावीकडे कलली, आणि माझ्या मित्राने हात घालून बापाचं डोकं सावरलं. हे मी काठावर उभं राहून पाहिलं.

पलीकडे शेड नाही. बाभळीची तीन झाडं आणि जळून काळी पडलेली जमीन. लाकडं ओली, पेटेनात. डिझेल ओतलं, जुना टायर आणला. दोन तास नुसता धूर. सरणावर पाणी पडू नये म्हणून मित्र ताडपत्रीचं एक टोक धरून तेवढा वेळ उभा होता.

परतताना आमच्या भावकीतल्या एका चुलत्यांना विचारलं, रस्त्याकडच्या शेडमध्ये का नाही नेलं? ते म्हणाले, "त्यांची जागा तिकडं आहे. पहिल्यापासून." आवाजात राग नव्हता. पोळा कधी आहे हे सांगावं तसं सांगितलं. मी पुढे काही बोललो नाही, आणि तेच मला आठवडाभर खातंय.

त्या दिवशी 'इथे आणू नका' असं कुणी म्हटलं नाही. वस्तीतल्या कुणी विचारलंही नाही. एकाच टाकीचं पाणी दोन्हीकडे जातं, पोरं एकाच शाळेत बसतात, लग्नाच्या पंगतीत सगळे असतात. मग हे काय आहे? याला अस्पृश्यता म्हणायचं की नाही? तुमच्या गावात कसं आहे ते लिहा.

दगडी उंबरा | ७ जुलै, सकाळी ८:१५

आबांना श्रद्धांजली. वाचून खरंच वाईट वाटलं.

पण मनापासून सांगतो, याला अस्पृश्यता म्हणणं मला पटत नाही. प्रत्येक समाजाची अंत्यविधीची रीत वेगळी. लिंगायत पुरतात, त्यांची जागा वेगळी. मुसलमानांचं कब्रस्तान वेगळं. गोसाव्यांच्या समाध्या वेगळ्या. माझं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. तिथे चार-पाच ठिकाणी विधी होतात आणि त्यावरून तंटा झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. तुमच्या गावची खरी अडचण ओढ्यावर पूल नसण्याची आहे. ती सोडवा. जुनं उकरून काढलं की माणसं दुखावतात, कुणीतरी कुणावर केस करतो, मग दहा वर्षं एकमेकांच्या दारात जायची सोय राहत नाही. मी सलोख्यात वाढलोय आणि तो मोडू नये एवढंच म्हणणं आहे.

शाईपेन | ७ जुलै, दुपारी १:५०

उंबरा, लिंगायतांचं उदाहरण इथे बसत नाही. ते पुरतात, म्हणून जागा वेगळी. रानवारा यांच्या गावात दोन्हीकडे जाळतातच. लाकूड तेच, जाळ तोच. तरीही जागा दोन. मग रीत वेगळी म्हणून जागा वेगळी, हे कारण उरत नाही.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, म्हणून कायद्याचं सांगते. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. ते कलम अमलात यावं म्हणून १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ पासून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम. त्याच्या ४ थ्या कलमात नदी, ओढा, विहीर, तळं, नळ, घाट अशी यादी आहे आणि त्याच यादीत दफनभूमी आणि दहनभूमी हे शब्द आहेत. पुढे अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यात दहनभूमी इतरांच्या बरोबरीने वापरायला अडवणं हा गुन्हा पुन्हा वेगळा नोंदवला. जी गोष्ट साठ वर्षांपूर्वी लिहून झाली होती, ती संसदेला परत लिहावी लागली.

'पहिल्यापासून' या शब्दावर मात्र मला थांबायचंय. हा शब्द महाडच्या खटल्यात सापडतो. रावबहादूर बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी खर्चाचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्यावरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले ते नगरपालिकेच्या ठरावाप्रमाणेच गेले. परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये काही मंडळी कोर्टात गेली.

कोर्टात त्यांनी काय मांडलं? अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, हेच. रानवारांच्या चुलत्यांनी एका शब्दात सांगितलं तेच. दावा नऊ वर्षांहून अधिक चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. ती सिद्ध झाली असती तर ती न्याय्य आहे का हा पुढचा प्रश्न आला असता. तिथपर्यंत जायची वेळच आली नाही. तेव्हा 'पहिल्यापासून' म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारा, कधीपासून?

केसेसबद्दल. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटीच्या अटकेवर अटी घातल्या होत्या. त्या निकालाची तारीखही २० मार्चच होती. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून त्या अटी काढल्या. गैरवापर होतो की नाही यावर आपण स्वतंत्र धाग्यात बोलू. पण या धाग्यात कुणी कुणावर केस केलेली नाही. एका मुलाने भर पावसात बापाचं डोकं सावरलंय, एवढंच घडलंय.

आणि 'आता कुठे राहिलंय' असं वाटणाऱ्यांसाठी एक आकडा. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरोघरी विचारलं तेव्हा साधारण २७ टक्के कुटुंबांनी आपण या ना त्या रूपात शिवाशिव पाळतो असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ज्यांनी पाळूनही सांगितलं नाही ते त्यात नाहीत.

नीलमोहर | ७ जुलै, रात्री ११:२०

आबांना विनम्र आदरांजली.

मी सातारा जिल्ह्यातली, आता ठाण्यात परिचारिका आहे. ड्युटी संपवून आत्ता वाचलं आणि झोप लागेना.

माझ्या आजोबांनी तराळकी केलेली. गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं आमच्या दारात. 'म्हातारा गेला, सांगावा धाडायचाय.' आजोबा काठी घेऊन निघायचे. आठ कोस, दहा कोस, रात्र असो की पाऊस असो, पाहुण्यांच्या गावाला जाऊन वेशीवरून हाक द्यायची. इकडे घरातला दुसरा माणूस सरणाची लाकडं फोडायचा आणि वाहून न्यायचा. मढ्यावरचं कापड हा आमचा हक्क. त्या कापडाच्या गोधड्या व्हायच्या, पोरांची अंगडी व्हायची. आजी सांगायची, "अंगावरचं कापड कुणाच्या मयताचं हे गावाला ओळखू यायचं."

कळतंय का, रानवारा? तुमच्या गावच्या त्या जागेवर पिढ्यान् पिढ्या जितकी माणसं जळली, त्यांच्या सरणाचं लाकूड आमच्या माणसांनी वाहिलं असेल. ती जागा त्यांच्या पायाखालची. ओझं घेऊन गेलेलं चालायचं. स्वतः ओझं होऊन गेलेलं चालत नव्हतं.

वतन म्हणून याला नाव होतं. ऐकायला जमीनजुमल्यासारखं वाटतं. तुकडाभर जमीन, बलुत्याची पेंढी, आणि बदल्यात चोवीस तास साऱ्या गावाची चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं, ते तडीला गेलं नाही. कायद्याने ही वतनं संपली ती १९५८ च्या कायद्याने. आमच्या वस्तीने त्याच्या आधीच, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, ही कामं टाकली. आजोबांनी काठी चुलीत घातली. मग गावाने किराणा बंद केला, दळण बंद केलं, वाटेने जनावरं जाऊ देईनात. सहा महिने. आजी डोक्यावर ज्वारी घेऊन दुसऱ्या गावच्या गिरणीत जायची. ही हकीकत मी तिच्या मांडीवर ऐकलीय.

उंबरा, तुम्ही सलोखा म्हणता तो मी समजू शकते. पण तो सलोखा आम्ही न विचारण्यावर उभा आहे. आमच्या वडिलांच्या वेळी आम्हीही विचारलं नाही. घरात प्रेत ठेवून कोण भांडायला जाईल? माणूस गेलेल्या घराला फक्त सगळं नीट पार पडावं असं वाटतं. हे ओळखूनच गाव गप्प बसतं आणि वस्तीही गप्प बसते.

एक विनंती, रानवारा. वस्तीला न विचारता काही करू नका. 'सगळ्यांची जागा एक करा' हे ऐकायला छान आहे, पण ओढ्यापलीकडची जमीन सोडली की सहा महिन्यांत तिथे कुणाचा तरी ऊस उभा राहील. आमच्या गावात असं होता होता राहिलं. शिवाय त्या मातीत आमच्या माणसांची राख आहे. आम्हाला रस्त्याकडच्या जागेवर हक्क हवा आणि पलीकडची जागाही हवी. दोन्ही. कुठे न्यायचं ते त्या घराने ठरवावं.

तिसरी घंटा | ८ जुलै, सकाळी ७:३०

दोन म्हणताय, आमच्या गावात तीन आहेत. गावाची, बौद्धांची आणि आमची, मातंगांची. बौद्धांच्या जागेला निदान रस्ता आहे. आमचं प्रेत त्यांच्या जागेवरून पुढे जातं, तिथे थांबत नाही. ताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक अक्षर खरं आहे, पण हेही लिहा. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे ती हीच. वरून मिळालेलं खाली सरकवायचं. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजाची चौदा वर्षांची मुलगी, तिने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तिने दोघांचं दुःख एका दमात लिहिलं होतं. १७० वर्षं झाली आणि आम्ही अजून तीन जागांवर आहोत.

शीर्षकाबद्दलही बोलायचंय. पाणवठा एक झाला असं म्हणू नका. १९७२ च्या दुष्काळात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ची हाक दिली आणि गावोगाव फिरले. विहिरीवर सगळ्यांनी मिळून पाणी भरायचं, एवढंच मागणं. किती गावांत खरोखर रहाट एक झाला हे ज्याने त्याने आपापल्या म्हाताऱ्यांना विचारावं. आमच्यात झाला नाही. नंतर नळ आले. घरोघरी तोटी आली, मग विहिरीवर जायची वेळच कुणावर येईना. गावाने विहिरीवर हात धरू दिला नव्हता तो नव्हताच. प्रश्न सुटायच्या आधीच वापरातून गेला. कडक उन्हाळ्यात नळ आटतो, टँकर येऊन विहिरीत रिकामा होतो, त्या दिवशी विहिरीवर कोण कुठे उभं राहतं ते जाऊन बघा. मरणाला अजून नळ आलेला नाही, म्हणून ते उघडं दिसतं.

नीलमोहर | ८ जुलै, सकाळी ९:०५

दादा, बरोबर आहे. मी ते लिहायला हवं होतं. आमच्या गावातही मातंग वस्तीची जागा वेगळी आहे आणि आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. आज घरी फोन करून विचारणार आहे.

मुक्काम पोस्ट | ९ जुलै, रात्री ९:१०

निवृत्त ग्रामसेवक आहे. एकतीस वर्षांत तीन तालुक्यांत नऊ गावं सांभाळली. धागा कालपासून वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

कागदावर काय असतं ते सांगतो. मी पाहिलेल्या बहुतेक उताऱ्यांवर नुसतं 'स्मशानभूमी' एवढंच होतं. कुणाची ते लिहिलेलं नव्हतं. म्हणजे रस्त्याकडची जागा कागदोपत्री सगळ्या गावाची. जात होती ती पायवाटेत. कुणाची तिरडी कोणत्या फाट्याला वळते, ते सगळ्यांना पाठ.

आता माझ्या हातून झालेलं. १९९० च्या दशकातली गोष्ट. एका गावात स्मशान शेडसाठी निधी आला. सभेत एक जण म्हणाला, वस्तीलाही शेड हवं, त्यांचेही हाल होतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. वस्तीतली माणसंही खूश झाली. मी ठराव लिहिला: 'मागासवर्गीय वस्तीकरिता स्वतंत्र स्मशान शेड बांधणे.' पुढच्या वर्षी काम झालं, फोटो काढला, नारळ फोडला. मला वाटलं आपण चांगलं काम केलं. आज वाटतं, तोवर जी गोष्ट फक्त वहिवाट होती ती मी माझ्या अक्षरात सरकारी कागदावर आणली. 'स्वतंत्र' हा शब्द मी लिहिला. कुणी सांगितला नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये शासनाने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं आली. चांगलंच झालं. पण पाटी बदलायला एक दुपार पुरते. तिरडीची वाट बदलायला काय लागेल ते मला सांगता येत नाही.

रानवारा, तुम्हाला काही करायचं असेल तर १५ ऑगस्टची ग्रामसभा धरा. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या. ऐनवेळच्या विषयात ढकलू देऊ नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे वस्तीतल्या बायकांनी विषय मांडला तर मुख्य सभेत तो वाचून दाखवावाच लागतो.

चंद्रभागा काठ | १० जुलै, पहाटे ५:३०

वारीतून परतलो आणि हे वाचलं. घरात चार पिढ्यांची माळ आहे.

नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत पडली आणि चोखोबा मजुरांसोबत ढिगाऱ्याखाली गेले. साल १३३८ सांगतात. नामदेव महाराज मंगळवेढ्याला गेले, ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती त्यांनी गोळा केली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी कथा आहे. मी ती लहानपणापासून कीर्तनात ऐकतो आणि दर वेळी डोळ्यांत पाणी येतं. पण यंदा समाधीसमोर उभा राहिलो तेव्हा वेगळंच मनात आलं. हाडं दारापर्यंत आली. आत नाही. चोखोबांच्या माणसांना त्या दारातून आत जायला १९४७ उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी १ मेपासून दहा दिवस उपाशी बसले तेव्हा. त्या वेळी त्यांना विरोध करणाऱ्यांच्या गळ्यातही माळा होत्या.

आमच्या दिंडीत सगळ्या जातींची माणसं आहेत. एकमेकांच्या पाया पडतो. पण परत आल्यावर गावात कुणी गेलं तर कुणाला कुठे नेतात, हे मी आजवर कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. आमच्याकडेही दोनच आहेत.

फाटकी छत्री | १० जुलै, दुपारी ३:१५

शहरात हे नाही असं कुणाला वाटत असेल म्हणून लिहितो. विद्युतदाहिनीत रांग लागते, जात कुणी विचारत नाही, हे खरं आहे. करोनात तर घरचे लांब उभे आणि पालिकेचे कामगार अंगावर प्लास्टिक चढवून एकामागून एक प्रेतं आत सरकवत होते. माझ्या वडिलांना असंच नेलं. त्या दोन मुलांशी नंतर बोललो. दोघेही कंत्राटी, दोघांचेही बाप सफाई कामगार, दोघेही वस्तीतले. जागा एक झाली, काम मात्र त्यांच्याच वाट्याला राहिलं. आणि त्याच शहरात भाड्याचं घर शोधताना पहिला प्रश्न आडनावाचाच असतो.

दगडी उंबरा | १२ जुलै, रात्री १०:००

चार दिवस गप्प होतो. पहिल्या प्रतिसादात मी चार-पाच जागांचं लिहिलं होतं. चुलतभावाला फोन करून विचारलं की त्यातल्या जाळण्याच्या किती. तो म्हणाला दोन. एक आपली, एक त्यांची. शाईपेन यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरं म्हणजे, आईला विचारलं. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला असायचा आणि कान तुटलेली एक कपबशी. लहानपणी मला वाटायचं ती वासराला औषध पाजायची. मी त्यातून एकदा पाणी प्यायलो होतो आणि आजीने मला आंघोळ घातली होती. का ते तेव्हा कळलं नाही. आई म्हणाली, "अरे, ती मळणीला येणाऱ्या बाईची." तिचं नाव आईला आठवलं, तिच्या मुलांची नावं आठवली. पंधरा वर्षं ती आमच्याकडे येत होती. आईचं तिच्यावर खरंच प्रेम होतं, ती आजारी पडली तेव्हा आईने तिच्या घरी धान्य पोचवलं होतं. आणि कपबशी कोनाड्यातच होती. हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, ते मला अजून उमगत नाही. पण होतं.

पूल व्हावा हे माझं मत अजून कायम आहे. सलोख्याचंही. बाकीचं मी मागे घेतो.

शाईपेन | १२ जुलै, रात्री १०:४५

उंबरा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या कपबशीवरून कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आठवले. त्यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवायचे, चहा मागवायचे आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. माणगाव परिषदेच्या, म्हणजे १९२० च्या, आसपासचा तो काळ. फर्मानं तर त्यांनी काढलीच होती. तरी त्यांना गाडी थांबवून कप तोंडाला लावावा लागला.

रानवारा | १३ जुलै, रात्री ९:३०

सगळं वाचलं. काल मित्राला भेटलो. त्याला हा धागा मोबाइलवर दाखवला. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "तू अर्ज दे. मी सही करतो. पण पहिली सही माझी नको. तू पुण्याला जाशील, मला इथं राहायचंय."

त्याची आई दारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "महिलांच्या सभेत मी बोलते की. माझा मालक पाण्यातनं गेला, मला कोण काय करणार?"

रानवारा | १७ ऑगस्ट, सकाळी ११:००

ग्रामसभा झाली. जसं घडलं तसं लिहितो.

अर्जावर तेहतीस सह्या होत्या. पहिली माझी. आमच्या भावकीतल्या चौघांनी केल्या, चुलत्यांनी केली नाही. महिलांच्या सभेत काकू बोलल्या. मी तिथे नव्हतो, पण अंगणवाडीताईंनी सांगितलं की त्या बोलत असताना कुणी हललं नाही, आणि मग मातंग वस्तीतली एक सून उठून म्हणाली, आमचंही यात लिहा. लिहिलं.

मुख्य सभेत दोन मागण्या होत्या. ओढ्यावर साकव, आणि रस्त्याकडच्या शेडवर 'ही स्मशानभूमी गावातील सर्व ग्रामस्थांसाठी आहे' अशी पाटी. साकवाचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या वाजल्या. इतक्या लवकर हात वर आले की मला तिसरी घंटा यांनी लिहिलेलं नळाचं आठवलं. साकव झाला की रस्त्याकडच्या जागेचा विषय निघणारच नाही, हे सगळ्यांनाच कळलं होतं.

पाटीचा विषय आला तेव्हा एक जण म्हणाला, "बंदी कुणी घातलीय? मग पाटी कशाला?" मित्र उठला. मला वाटलं नव्हतं तो उठेल. म्हणाला, "बंदी नाही ना, मग पाटी लावायला अडचण काय?" त्यावर कुणी उत्तर दिलं नाही. थोडी कुजबुज झाली आणि 'यावर सविस्तर चर्चा आवश्यक' म्हणून विषय पुढच्या सभेत ढकलला.

चुलते बाहेर भेटले. बोलले नाहीत. पण संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि जाताना विचारलं, "त्या दिवशी वड्याला लई पाणी होतं का रे?" मी हो म्हटलं. ते गेले.

मुक्काम पोस्ट | १७ ऑगस्ट, दुपारी १२:२०

पुढची सभा २ ऑक्टोबरला. त्याआधी इतिवृत्ताची नक्कल मागा. साकवाचा ठराव त्यात नक्की असेल. पाटीचा विषय मांडला गेला, कुणी काय विचारलं आणि तो पुढे ढकलला, हे शब्दांत आलंय का ते बघा. नसेल तर लगेच लेखी हरकत द्या. आणि साकवाच्या ठरावात 'मागासवर्गीय स्मशानभूमीकडे जाण्यासाठी' असं कुणी लिहिलं असेल, तर ते शब्द खोडायला लावा. नुसतं 'स्मशानभूमी' ठेवा.

नीलमोहर | १७ ऑगस्ट, दुपारी २:४०

काकूंना माझा जयभीम सांगा. २ ऑक्टोबरला मी सुट्टी टाकलीय. आमच्या गावातही ग्रामसभा आहे त्या दिवशी. तिन्ही वस्त्यांचा एकच अर्ज लिहितोय. मसुदा इथे टाकते, शाईपेन ताई, जरा बघाल का?